दोन मिनिटं चाळीस

सकाळी ताप नव्हता.
दुपारी पाळणाघरातून फोन आला, कान गरम लागतायत म्हणून.
मी कन्नमवार नगरात पोचले तेव्हा
निमिष झोपलेला, अंगठा तोंडात.
काखेतला थर्मामीटर म्हणाला एकशे दोन पूर्णांक काहीतरी.
ते काहीतरी मला नंतर कधी आठवलं नाही.

मग डोळे वर गेले.
हाक मारली, तर त्याच्यापर्यंत पोचेना.
हात, पाय, जबडा, सगळं एकाच ठेक्यात,
ओठांना जांभळी कड.
सव्वा वर्षाचं अंग, नऊ किलो दोनशे,
त्यात एवढा जोर कुणाचा?

मी ओरडले.
आमच्या मजल्यावर एक ओरडलं की सहा दारं उघडतात.
सासूबाई चमचा घेऊन धावल्या, दातांत घालायला.
दळवींनी चप्पल काढली, हुंगवायला.
कुणीतरी कांदा फोडला.
कुणीतरी म्हणालं, धरा, घट्ट धरा हात.
मी धरणारच होते.

एवढ्यात एकोणीस नंबरच्या फिलोमिना आंटी,
बत्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात आया,
गुडघ्यांपायी प्रार्थनेलाही खुर्ची मागणाऱ्या,
सरळ फरशीवर बसल्या.

"चमचा ठेव. तोंडात काय पन नको.
धरू नको त्याला, कुशीवर कर.
तो पाट सरकव, डोकं आपटेल.
लाळ येऊ दे भायेर. गळ्याचं बटन सोड.
आनि तू घड्याळ बघ."

घड्याळ?
पोर हातचं जातंय आणि मी घड्याळ बघू?

"बघ म्हनते ना.
पाच मिन्टांच्या वर गेलं तर एकशे आठ लावायचा.
दळवी, ती चप्पल पायात घाला
आनि खाली रिक्षा थांबवा."

घड्याळ गॅस एजन्सीनं दिलेलं, दहा मिनिटं पुढे.
पण सेकंदकाटा प्रामाणिक होता.
मी त्याच्या मागे चालत राहिले,
एक डोळा काट्यावर, एक निमिषवर.
दोन्ही हात हलतायत. दोन्ही पाय.
मान डावीकडे नाही, उजवीकडे नाही.
कांद्याचा वास.
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, तिसरी की चौथी.

दोन मिनिटं चाळीस.

मग तो सैल पडला, पिळून टाकलेल्या लंगोटासारखा,
आणि घोरायला लागला.
"झोपू दे. नीट जागा होईपर्यंत
पानी नको, औषध नको."
आंटींना उठवायला दोघं लागले.

कॅज्युअल्टीतली डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीएवढी.
किती वेळ? एक बाजू की दोन्ही?
आधी कधी? घरात कुणाला?
मी सांगत गेले, ती लिहीत गेली,
आणि लिहिता लिहिता तिचे खांदे खाली आले.
कान पाहिले, घसा पाहिला, मान वाकवून पाहिली.
"तापातली आकडी. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत काही मुलांना येते.
दिसायला भयंकर, पण मेंदूला सहसा इजा करत नाही.
तापाचं औषध द्या, त्याला बरं वाटावं म्हणून.
आकडी त्यानं थांबेलच असं नाही. पुन्हा येऊ शकते."

पुन्हा येऊ शकते,
हे वाक्य मी औषधाच्याच पिशवीतून घरी आणलं.

रात्री सासूबाई ओट्याशी उभ्या,
दिवा न लावता.
"आमच्या वसंताला आली होती. मी चमचा घातला.
पुढचे दोन दात गेले त्याचे.
चाळीस वर्षं मी सांगत आले,
दात गेले, पण पोर वाचलं चमच्यानं."
नळ थेंब थेंब गळत होता.
"तो तसाही वाचला असता, नाही गं?"

मला काही बोलता आलं नाही.
मी नुसता नळ बंद केला.

सकाळी त्याच चमच्यानं
त्यांनी निमिषला मऊ भात भरवला.
तोंड त्यानं आपणहून उघडलं.